पोच्याला हात लावायचा नाही

आमच्या घरात दोन गाड्या आहेत. एक पोर्चमध्ये उभी असते, दुसरी टेबलावर. गेल्या वर्षभरात आमच्या ह्यांनी टेबलावरच्या गाडीचे जेवढे लाड केले, त्यातले चार जरी पोर्चमधल्या गाडीच्या वाट्याला आले असते तरी पुढचं रामायण टळलं असतं. माझ्या लाडांचं विचारू नका. त्या रांगेत माझा नंबरच लागत नाही.

मी ह्यांना 'अहो' म्हणते. ती जुनी सवय. त्यातला आदर कधीच झिजून गेला.

हे विमा कंपनीत आहेत. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, नुकसान किती ते लिहायचं, खाली सही ठोकायची, हे ह्यांचं काम. दिवसभर लोकांच्या गाड्यांचे पोचे बघून आलेला माणूस घरी तरी पोच्याचं नाव काढणार नाही असं वाटेल. हे घरी येऊन पोचे बनवायचे. रेझिनमध्ये.

रेझिन म्हणजे दोन बाटल्यांतली पातळ रसायनं एकत्र ढवळायची, रबरासारख्या साच्यात ओतायचं, की थोड्या वेळात त्याचा दगड होतो. आता दुकानातून मॉडेलचं खोकं आणलं तर आतून नवीकोरी गाडी निघते. ती ह्यांच्या मॉडेलवाल्यांच्या मंडळातल्या विद्वानांना चालत नाही. नवीकोरी गाडी म्हणजे पोरखेळ! मग परदेशातल्या कुणा कारागिराकडून रेझिनचे सुटे भाग मागवायचे: फाटकी सीट, गळकं इंजिन, निम्मी हवा गेलेला टायर. लोक जुनं देऊन नवं घेतात, आमच्याकडे नवं फेकून जुनं येतं, तेही टपालानं. आले की ते आधी धुवायचे. साच्यातून सुटावेत म्हणून त्यांना तेलकट काहीतरी फासलेलं असतं, ते राहिलं तर वर रंग धरत नाही. धुवायचे कुठे, तर माझ्या दुधाच्या पातेल्यात. घासायचे कशानं, तर सासूबाईंच्या टूथब्रशनं. ब्रश मात्र धुऊन परत जागेवर. फार शिस्तीचा माणूस.

"रोज सकाळी तोंडाला कसलासा वास येतो गं," सासूबाई मला म्हणाल्या होत्या. "मला वाटलं, म्हातारपण असंच लागत असेल."

लग्नाआधी मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये होते. मग मुलगी झाली, मग सासऱ्यांचं आजारपण, आणि 'आता कशाला नोकरी' म्हणणाऱ्यांची तर घरात कधीच टंचाई नव्हती. मुलगी शिकायला बाहेर पडली तशी मी कुणाला न विचारता अर्ज केला. नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात जागा मिळाली. सकाळची पाळी, उजाडायच्या आत हजर. त्या वेळी पुलावरून बस नाही, टॅक्सीवाला यायला तयार नाही. लॅबच्या मुख्य बाईंनी मुलाखतीतच सांगून टाकलं, "इतक्या वर्षांनी येताय. पहिल्या आठवड्यात उशीर झाला तर मी समजून घेणार नाही. माझ्याकडे दुसरं नाव तयार आहे."

मी ऐटीत म्हटलं, "माझ्याकडे गाडी आहे."

गाडी होतीच. वळत नव्हती एवढंच. डावीकडचं पुढचं मडगार्ड चेपलं होतं आणि वळताना चाकाला घासायचं. तो पराक्रम ह्यांचाच. टपालानं इंजिन आलंय असा निरोप मिळाला आणि काडेपेटीएवढ्या इंजिनाच्या ओढीनं ह्यांनी खरी गाडी गेटच्या खांबावर घातली.

"तुझ्या नोकरीआधी करून देतो," म्हणाले. "माझा रोजचाच धंदा आहे हा."

मी विश्वास ठेवला. बाई शिकलेली असली म्हणून शहाणी असतेच असं नाही.

त्यातच मंडळाची स्पर्धा लागली. विभागाचं नाव 'जशी आहे तशी'. आपली खरी गाडी आज जशी उभी आहे, गंज, ओरखडे, पोचे यांच्यासकट, तशीच्या तशी चोविसाव्या भागाएवढी करायची. सकाळी मॉडेल काचेच्या पेटीत सीलबंद करून मंडळात द्यायचं. मग परीक्षक ती पेटी घेऊन प्रत्येकाच्या घरी जाणार आणि खऱ्या गाडीशी ताडून बघणार. परीक्षण शनिवारी, माझी नोकरी सोमवारी, आणि रविवारी गॅरेज बंद.

"अहो, मडगार्ड?"

"स्पर्धा होऊ दे."

"आणि सोमवारी मी काय उडत जाऊ?"

"बघू."

ह्या 'बघू'वर माझा अर्धा संसार झालाय.

त्या आठवड्यात एक दिवस बघते तर गाडीचा डावा आरसा गायब. तो शेजारणीच्या उनाड भाच्यानंच लांबवला असं धरून मी तिच्या दारात जाऊन त्याचा उद्धार केला. ती माझ्या माहेरचा करून मोकळी झाली. आमचं बोलणं बंद झालं. हे खिडकीतून सगळं बघत होते. "जाऊ दे गं, एका आरशासाठी काय भांडायचं," म्हणाले. मला वाटलं, किती समजूतदार!

गुरुवारी ह्यांनी रजा काढली. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि पोर्चमधून ठाक ठाक आवाज यायला लागला. पत्र्यावर हातोडी. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. म्हटलं, बोलत नाही पण मनात असतं माणसाच्या. चहा टाकला, चांगला आलं घालून, आणि कप घेऊन बाहेर गेले.

हे मांडी घालून गाडीपुढे बसले होते. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात बोटाच्या पेराएवढं रेझिनचं मडगार्ड. त्याच्याकडे बघायचं, एक ठोका हाणायचा. पुन्हा बघायचं, पुन्हा ठोका. आणि ठोका बाहेरून आत.

"अहो, उलटं मारताय तुम्ही. पोचा मोठा होतोय."

"मोठाच करतोय," मान वर न करता म्हणाले. "साच्यात जरा जास्त खोल आला. रंग दिला, गंज रंगवला, आता परत ओतायला वेळ नाही. त्यापेक्षा हा जुळवून घेणं सोपं."

"हा म्हणजे कुठला?"

"हाच. मोठा."

मी चाकाकडे पाहिलं. इतके दिवस मडगार्ड निदान नुसतं घासत होतं. आता ते टायरवर दात रोवून बसलं होतं. गाडी गेटपर्यंतसुद्धा गेली नसती. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आरसा कुठाय?"

"हरवला."

"कुठे हरवला?"

"कार्पेटमध्ये. चिमट्यातून उडाला, दोन दिवस गुडघ्यावर शोधला."

"एवढा मोठा आरसा कार्पेटमध्ये हरवतो?"

"मॉडेलचा गं! तो हरवला म्हणून मग..." इथे ह्यांना पहिल्यांदा जरा अडखळायला झालं. "म्हणून मग हा काढून ठेवला. कपाटात आहे, नीट गुंडाळून."

चहा मी स्वतः प्यायले, ह्यांच्यासमोर उभी राहून, सगळा. आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या.

"बाळ्या, काय चाललंय?"

"काही नाही आई, पोचा जुळवतोय."

"अरे गाढवा, सोमवारी तिला कामावर जायचंय."

"आई, नोकरी काय पळून जातेय? एखाद दिवस उशिरा गेली तर आभाळ कोसळतं का? स्पर्धा वर्षातून एकदा येते." मग माझ्याकडे वळून, ऑफिसात लोकांना झापतात त्या आवाजात, "शनिवारपर्यंत पोच्याला हात लावायचा नाही. सांगून ठेवतोय."

मी इतक्या वर्षांनी पगाराला हात लावणार होते, आणि हा मनुष्य मला सांगत होता की पोच्याला हात लावायचा नाही. मी रिकामा कप घेऊन आत गेले. ह्यांना वाटलं, पटलं.

शनिवारी सकाळी हे न्हाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, काचेची पेटी छातीशी धरून मंडळात गेले. मुलगी जन्मली तेव्हा तिला इस्पितळातून घरी आणताना इतकं जपून धरलं नव्हतं. गेट लागलं आणि मी गॅरेजवाल्याला फोन केला. तो पहार घेऊनच आला. आधी त्यानं मडगार्ड टायरपासून सोडवलं, मग वाकून पोच्यावर बोटं फिरवली.

"ताई, हे एका धडकेचं काम नाही. हे कुणीतरी बसून, सावकाश हाणलंय. घरात भांडण झालं का?"

"भांडण संध्याकाळी आहे. त्याच्या आत गाडी पाहिजे."

"साहेबांना विचारलंय ना?"

सासूबाई पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. "साहेब माझ्या पोटचा आहे," म्हणाल्या. "ने तू गाडी."

चार वाजायच्या सुमाराला गाडी परत आली. मडगार्ड सपाट, त्यावर ताजा रंग, आरसा जागेवर. दारावरचा गंजही त्यानं घासून काढला होता. मी म्हटलं नव्हतं, पण म्हणाला, हात चालूच होता. मी गाडी गल्लीत फिरवून आणली, मुद्दाम डावीकडे, परत डावीकडे, पुन्हा डावीकडे. कुठे म्हणून आवाज नाही. परत येताना शेजारणीच्या दाराशी थांबले आणि खाली न उतरताच माफी मागितली. आरसा कुठे सापडला ते सांगितल्यावर ती इतकी हसली की माफी आपोआप पदरात पडली.

परीक्षक सहाला आले. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त दंतवैद्य. लोकांनी तोंड उघडणं थांबवलं म्हणून ते आता बोनेट उघडतात. खिशात दात कोरायची सगळी हत्यारं, कपाळावर दिवा. त्यांच्यामागे पेटी घेतलेले दोन सभासद, चेहरे असे की घरात कुणी गेलंय. सगळ्यांच्या पुढे आमचे हे, लग्नात मिरवावं तसे. "या, या, डाव्या बाजूनं सुरुवात करू," म्हणत पोर्चमध्ये शिरले आणि जागच्या जागी थिजले.

दंतवैद्यांनी काही पाहिलंच नव्हतं. ते पेटीतल्या गाडीवर भिंग धरून मंत्रमुग्ध झाले होते. "वा! पोचा काय उतरलाय! कडेला रंगाची खपली सुटलीय, आत गंज... वा!" मग मान वर केली. खऱ्या मडगार्डाकडे पाहिलं. पुन्हा पेटीत. दाताचा छोटा आरसा काढून मडगार्डाखाली घालून पाहिला.

"पोचा कुठाय?"

"सकाळी होता!" हे किंचाळले.

"आम्ही सकाळी नव्हतो. गाडी आज आहे तशी, हा नियम आहे. मॉडेलला पोचा आहे, गाडीला नाही. मॉडेलला आरसा नाही, गाडीला आहे. दारावर गंज तर कुठेच..." त्यांनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं. "कारागिरी उत्तम. निरीक्षण शून्य."

निरीक्षण शून्य! ज्या माणसाचा पगारच निरीक्षणाचा, त्याच्या तोंडावर. एक क्षण मला दया आली. खरंच आली. पण तो क्षण ह्यांनी स्वतःच घालवला.

"डॉक्टर, दहा मिनिटं द्या," म्हणाले. "रंग ताजाच आहे. चार ठोक्यांत होईल. साच्याचं माप माझ्या हाताला पाठ आहे."

दंतवैद्यांनी घड्याळ पाहिलं, सोबतच्यांकडे पाहिलं. "नियमात तसं बसतं," म्हणाले. "संध्याकाळ संपेपर्यंत गाडी ज्या स्थितीत असेल ती स्थिती."

मी म्हटलं, "डॉक्टर, पेशंटची दाढ चांगली निघाली तर तुम्ही ती किडवून द्यायचात का?"

"वहिनी, तो व्यवसाय होता. ही कला आहे."

हे हातोडी घेऊन आले. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दार लावलं, गाडी सुरू केली. हे बोनेटसमोर येऊन उभे राहिले, एक हात मडगार्डावर, आणि आवाज असा मऊ की लग्नाआधीसुद्धा ऐकला नव्हता.

"अगं, एकच पोचा. सोमवारी मी स्वतः गॅरेजमध्ये नेऊन काढून देतो."

"सोमवारी ही गाडी नदीपलीकडे असेल."

"तुला माझी काही किंमतच नाही का?"

"आहे ना," मी म्हटलं. "चोविसावा भाग."

त्यांनी हातोडी उचलली. म्हणजे खरंच उचलली, खांद्यापर्यंत. मी गिअर टाकला. सासूबाईंनी पायरीवरून लसणाचं ताट बाजूला सारलं आणि मोठ्यानं विचारलं, "बाळ्या, हातोडी आधी ठेवतोस, का आधी बाजूला होतोस?"

हे बाजूला झाले. दंतवैद्यही झाले, दिव्यासकट, कुंडीत. मी गाडी गेटबाहेर काढली आणि शेजारणीच्या पोर्चमध्ये नेऊन लावली. तिनं गेटला आतून कुलूप घातलं. ते कुलूप घालताना तिला जो आनंद झाला तो मी कधी विसरणार नाही.

सोमवारी अंधारात निघाले. पूल मोकळा होता. लॅबमध्ये मुख्य बाईंच्या आधी पोचले. त्या आल्या, मला पाहिलं आणि नळ्यांचा ट्रे माझ्यापुढे सरकवला. पहिल्या नळीवरची चिठ्ठी मी दोनदा वाचून लावली, पुढच्या एकदाच.

मधल्या सुट्टीत ह्यांचा फोन आला. मला वाटलं, पहिला दिवस कसा चाललाय ते विचारतील. मूर्ख बाई, दुसरं काय.

"ऐक, मंडळ पुढच्या महिन्यात फेरतपासणी घेणार आहे. मी नवं मडगार्ड ओततोय, सपाट. त्या नव्या रंगाची छटा पाहिजे, उजेड असताना. तू दुपारी सुटतेस ना? गाडी सरळ घरी आण, आणि वाटेत धूळ बसू देऊ नकोस."

मी "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला. मग मुख्य बाईंच्या टेबलाशी जाऊन विचारलं, आज दुपारच्या पाळीला कुणी कमी आहे का.