तिसरं बोट

यंत्रहाताने तीन बोटं टचपॅडवर टेकवली आणि वर सरकवली. तीन बोटं एकदम वर गेली की उघडलेल्या सगळ्या खिडक्या पडद्यावर शेजारी शेजारी मांडल्या जायला हव्यात. तसं झालं नाही. पान नुसतं वर सरकलं.

“दोन,” ह्वेईवेन म्हणाली. “उजवं बोट खाल्लं तुझ्या प्रोग्रामने.”

“किंवा तुझ्या सेन्सरने ते दिलंच नाही.”

“माझा सेन्सर तुझ्या टेबलावर नीट चालतो. इथे आला की बिघडतो होय? लाजाळू आहे का तो?”

यातलं पहिलं वाक्य खरं होतं, हे यीजेनला ठाऊक होतं. तिच्या टेबलावर हाच लॅपटॉप, हाच प्रोग्राम कितीही वेळा चालवला तरी चुकत नव्हता. चाचणीच्या टेबलावर आणला, च्येनसाहेब येऊन उभे राहिले, अधिकृत चाचणी सुरू झाली की उजवं बोट नाहीसं. सकाळपासून हेच चाललं होतं.

च्येनसाहेब विभागप्रमुख होते. आवाज चढवणं त्यांना जमत नसे, त्यामुळे ते हळू बोलायला लागले की सगळ्यांना धास्ती वाटायची. आता ते फार हळू बोलत होते.

“दुपारी सुंगबाई तैपेईहून येतायत. त्यांच्यासमोर हे असं झालं तर मी जुनी पद्धत बसवणार. आज जे बसेल तेच कारखान्यात जाईल, यीजेन. मग त्या मॉडेलला पुन्हा हात लावता येणार नाही.”

“साहेब, जुन्या पद्धतीत आखूड बोट—”

“ठाऊक आहे मला. जेवताना, लिफ्टमध्ये, सहलीच्या बसमध्ये, सगळीकडे ऐकवलंयस तू.”

ते गेले. बाहेर शिनचू शहराचा वारा खिडकीच्या चौकटी हलवत होता.

टचपॅडला बोट दिसत नाही, आकडे दिसतात. काचेखाली आडव्याउभ्या तारांची जाळी असते. बोट जवळ आलं की त्या जागेचा आकडा वाढतो. सेकंदाला शंभराहून जास्त वेळा आकड्यांचा हा नकाशा प्रोग्रामकडे येतो. त्यातले उंचवटे म्हणजे बोटं. आधीच्या नकाशातला कुठला उंचवटा आता कुठे गेला हे जुळवायचं, किती बोटं एका दिशेने चालली आहेत ते मोजायचं आणि माणसाला काय हवं आहे ते ठरवायचं. जुनी पद्धत मनात एक नमुनेदार हात धरून बसलेली होती. त्या हातात न बसणारा उंचवटा आला की ती तळहाताचा स्पर्श समजून टाकून द्यायची.

यीजेनच्या वडिलांचं मधलं बोट दुसऱ्या पेरापाशी संपत होतं. चांगह्वातल्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली ते तिच्या जन्माआधी गेलं होतं. आता ते दुकान सांभाळत आणि लॅपटॉपवर ऑर्डरी बघत. त्यांनी तीन बोटं ठेवली की मशीन दोन मोजायचं. दोनचारदा करून ते लॅपटॉप बंद करत आणि म्हणत, “याला माझा हात पसंत नाही.” तक्रार म्हणून नव्हे, आज पाऊस आहे म्हणावं तसं सांगत. त्या गल्लीत असे हात घरोघरी होते.

यीजेनची पद्धत कुठलाही हात मनात धरत नव्हती. जे उंचवटे एकत्र येतात आणि एकत्र चालतात ते मोजायचे, मग ते केवढे का असेनात. वडिलांच्या हाताची मापं घेऊन तिने यंत्रहाताचं मधलं टोक स्क्रूने आखूड करण्याची सोयही करून घेतली होती. आज तो स्क्रू फिरवायची वेळच आली नव्हती. धडधाकट तीन बोटं मोजता येत नव्हती, तिथे आखूड बोटाचं नाव कोण काढणार?

जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाली. ह्वेईवेनने कोंबडीच्या तंगडीचा डबा टेबलाच्या कडेला उघडला आणि एका हाताने खात दुसऱ्या हाताने वायरी तपासल्या.

“अर्थिंग ठीक आहे. चार्जर बदलून बघितला. कोरड्या हवेमुळे म्हणावं तर हवा तुझ्या टेबलावरही कोरडीच आहे.”

“ताई, इथेच चालवूया. आपण दोघीच.”

लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. यंत्रहात खाली आला. तीन बोटं, वर. खिडक्या शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. पुन्हा तसंच. खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळं बरोबर.

“झालं की!” ह्वेईवेनने जेवणाच्या काड्या डब्यात खोचल्या. “काय केलंस?”

“काहीच नाही.”

“काहीच नाही केलंस तर मला भीती वाटते बाई.”

यीजेनलाही वाटत होती. काही न करता सुटलेली अडचण पाहुण्यांसमोर परत येते. तिने आकड्यांचा कच्चा नकाशा पडद्याच्या कोपऱ्यात उघडून ठेवला. शून्य असेल तिथे राखाडी, बोट असेल तिथे लाल.

तेवढ्यात दार उघडलं. सुंगबाई ठरल्या वेळेआधीच आल्या होत्या. त्यांच्या कंपनीच्या नावाने हे लॅपटॉप विकले जाणार होते. केस वाऱ्याने विस्कटलेले, पण त्यांनी ते नीट केले नाहीत. मागून च्येनसाहेब चहाचा पेला घेऊन आले.

“आधी चाचणी,” बाई म्हणाल्या. “चहा निवेल तोवर होईल ना?”

“होईल, होईल,” च्येनसाहेब म्हणाले आणि त्यांनी शेल्फवरचं हिरवं पाकीट उचललं.

मक्याच्या कुरकुऱ्यांचं हे पाकीट इथे प्रत्येक यंत्रापाशी असतं, कारण त्याच्या नावाचा अर्थच शहाण्यासारखं वागणं असा आहे. पाकीट हिरवंच हवं, तारीख उलटलेली चालत नाही, आणि यंत्र कामावर असेपर्यंत ते कुणी फोडत नाही. च्येनसाहेबांनी तारीख पाहिली. पाकीट लॅपटॉपवर उजव्या अंगाला, थोडं टचपॅडवर येईल असं ठेवलं, वर तळहात दाबला, पुटपुटले, “शहाण्यासारखं वाग हं,” आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. मशीन सुरू होईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी पाकीट उचललं.

नकाशाच्या उजव्या भागात एक निळा डाग उमटला.

यीजेनने निळा रंग या नकाशात फारसा पाहिला नव्हता. निळा म्हणजे शून्याखाली. डागाची एक कड करवतीसारखी दातेरी होती. पाकिटाच्या शिवणीसारखी.

सुरू होताना टचपॅड जाळीचे आकडे वाचतो आणि त्यांनाच ‘कुणी नाही’ असं समजून लक्षात ठेवतो. त्याने आता च्येनसाहेबांच्या हातालाच ‘कुणी नाही’ समजलं होतं. पाकिटाला आतून धातूचा चंदेरी मुलामा असल्यामुळे तो हात पाकिटाएवढा झाला होता. हात उचलल्यावर तिथे खड्डा राहिला. आता त्या खड्ड्यात बोट आलं तर ते जेमतेम शून्यापर्यंत पोहोचणार.

यंत्रहात खाली येऊ लागला.

“थांबा,” यीजेन म्हणाली.

ह्वेईवेनने बटण दाबून हात हवेतच थांबवला. च्येनसाहेबांनी यीजेनकडे पाहिलं.

“साहेब, हे तुमच्या... म्हणजे पाकीट ठेवून मशीन सुरू केलं की त्या जागी बोट दिसत नाही. सकाळीही हेच झालं असणार.”

“पाकिटामुळे?” च्येनसाहेबांचा आवाज जवळजवळ ऐकूच आला नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

सुंगबाई पुढे येऊन निळ्या डागाकडे वाकून बघू लागल्या. “म्हणजे पाकीट न ठेवता चाललं की पास. असंच ना?”

सोपं होतं. हो म्हटलं की दोन मिनिटांत चाचणी पार पडली असती, आणि तिची पद्धत कारखान्यात गेली असती. पण यीजेनला डोळ्यांसमोर वडील दिसले: दुकानाचं शटर उघडून, मशीन सुरू करून, ते चालू होईस्तोवर ओल्या फडक्याने पुसणारे.

“नाही,” ती म्हणाली. “दोष प्रोग्रामचा आहे. सुरू करताना कुणाचाही हात तिथे असू शकतो.”

च्येनसाहेबांनी डोळे मिटले.

“माझी आई त्यावर पोस्टाची पाकिटं ठेवते,” सुंगबाई म्हणाल्या. “मग आता?”

“मला थोडा वेळ द्या.”

“चहा निवेपर्यंत म्हटलं होतं मी.” त्यांनी खुर्ची ओढली आणि पेला हातात घेतला. त्यातून अजून वाफ येत होती.

यीजेन बसली. खड्डा भरून काढणारा भाग प्रोग्राममध्ये होताच, पण तिनेच तो मुद्दाम संथ ठेवला होता. घाईने भरला तर टेकलेलं बोटही ‘कुणी नाही’ म्हणून पुसलं जाईल, ही भीती. तिने नकाशाकडे पुन्हा पाहिलं. बोट आकडा वाढवतं. ते कधी शून्याखाली नेत नाही. एवढा मोठा भाग शून्याखाली असेल तर चूक आठवणीचीच, आणि तेवढेच आकडे लगेच दुरुस्त केले तर बोटाला धक्का लागणार नाही. दोन अटी, एक आकडा. ती टाइप करू लागली.

“कंस,” ह्वेईवेन खांद्यावरून कुजबुजली.

“बघितला.”

“बघितलास तर लाव.”

तिने लावला. प्रोग्राम मशीनमध्ये उतरला. पेल्यातली वाफ थांबली होती.

“आता पाकीट बाजूला...” च्येनसाहेब म्हणाले.

“नको, साहेब. तुम्हीच ठेवा. सकाळसारखंच दाबून ठेवा.”

त्यांनी क्षणभर सुंगबाईंकडे पाहिलं, मग पाकीट ठेवलं आणि तळहात दाबला. यावेळी काही पुटपुटले नाहीत. मशीन सुरू झालं. त्यांनी पाकीट उचललं. निळा डाग उमटला, दातेरी कडेसकट. डाग कडेकडून विरत गेला आणि राखाडी झाला.

यंत्रहात उतरला. तीन लाल ठिपके. खिडक्या मांडल्या गेल्या.

सुंगबाईंनी चहाचा घोट घेतला.

“ते आखूड बोटाचं काय होतं? च्येन फोनवर सांगत होते. वैतागून सांगत होते.”

ह्वेईवेनने न विचारताच मधल्या टोकाचा स्क्रू फिरवला. टोक वर सरकलं, बाकीच्या दोन टोकांच्या मागे राहिलं. पाकीट, हात, बटण. सगळं पुन्हा पहिल्यापासून. निळा डाग आला, गेला. यंत्रहात टेकला. दोन मोठे ठिपके, मध्ये किंचित खाली एक लहानसा. तो एकदा फिकट झाला. यीजेनची नजर तिथून हलली नाही. तिन्ही ठिपके वर निघाले आणि खिडक्या मांडल्या गेल्या.

“पुन्हा,” बाई म्हणाल्या.

पुन्हा झालं.

“हे माप कुणाच्या हाताचं?”

“माझ्या बाबांच्या.”

सुंगबाईंनी पेला खाली ठेवला. “जुनी पद्धत काढून टाका. आणि च्येन, तुमचा चहा गार झाला की अजिबात चांगला लागत नाही.”

त्या गेल्यावर च्येनसाहेबांनी हातातलं हिरवं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

“फेकून द्यायचं का हे?”

“अहो साहेब!” ह्वेईवेन दचकली. “यंत्र कामावर असताना?”

त्यांनी पाकीट यंत्रहाताच्या डोक्यावर ठेवलं, टचपॅडपासून हातभर दूर. मग थोडं आणखी मागे सरकवलं.