हिस्केची भिंत

हिस्के दोऱ्याची रिळं आणायला बाहेर पडली आणि तीन दिवसांनी एका बोटीची अर्धी मालकीण होऊन परत आली, हे हार्लिंगनच्या बंदरात अजून सांगतात. बोट बुडालेली आहे हे तिला दुसऱ्या आठवड्यात कळलं. शीड मात्र शाबूत निघालं. त्या शिडाच्या कापडातून तिने सायकलच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पिशव्या शिवल्या. पिशव्या अशा दणकट झाल्या की एका कोळ्याने एकीत मेंढी आणि दुसरीत सासूबाई घालून समोरच्या वाऱ्यात बारा मैल सायकल हाणली, तरी टाका हलला नाही. हलल्या त्या सासूबाई, आणि त्याही नंतर आठ दिवस.

हा हिस्केचा सातवा धंदा. त्याआधी समुद्रशेवाळाचा साबण होऊन गेला होता, मागणीप्रमाणे प्रेमपत्रं लिहून देणं होऊन गेलं होतं. बागेतल्या गोगलगायी खायला बदकं भाड्याने द्यायचा उद्योग तर इतका फळफळला की बदकांनी गिऱ्हाइकं आपसांत वाटून घेतली आणि हिस्केला मधून काढून टाकलं. प्रत्येक धंदा ती वणवा पेटवावा तसा पेटवायची. पण रोज उठून तेच ते करायची वेळ आली की तिचं मन खिडकीतून पसार व्हायचं. कॉफीला बोलवायचं तरी तीन आठवडे आधी डायरीत लिहिणारी इथली माणसं, आणि त्यांच्यात ही बाई, जी गुरुवारच्या जेवणाला एक तर बुधवारी पोचायची नाही तर पुढच्या महिन्यात. एक्केचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की याला एडीएचडी म्हणतात, आळस म्हणत नाहीत. हिस्के दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली, मग पोटभर हसली, आणि छत्री तिथेच ठेवून घरी गेली.

त्या वसंतात समोरच्या बेटावरून कुपिदोबाईंचा फोन आला. बेटावर त्यांचं सायकली भाड्याने द्यायचं दुकान होतं. साठ सायकली, तर साठ जोड पिशव्या हव्यात, आणि पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी सकाळच्या बोटीने हव्यात. हातात सहा आठवडे. हिस्केने श्वास न घेता हो म्हटलं.

तिचा नवरा डाउवे बसगाड्यांची वेळापत्रकं बनवायचा. देवाने ही दोन माणसं एकाच घरात कशी घातली हे देवच जाणे. डाउवे भला माणूस, पण सहा धंद्यांनंतर त्याचाही धीर सुटत आला होता. त्या दोघांत बोलणं झालं होतं आणि शब्द हिस्केनेच दिला होता, की ही मागणी वेळेत पुरी झाली नाही तर तिच्या शिवणाच्या शेडला कुलूप, आणि मग डेअरीच्या कचेरीत स्वागतकक्षाची खुर्ची. तिथे दुपारचे दोन वाजले की चार वाजायला नऊ वर्षं लागतात, असं त्या खुर्चीवरून निवृत्त झालेली बाईच सांगायची. निवृत्त झाली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती म्हणे.

तर या वेळी हिस्केने शहाणपणा केला आणि आक्केबाईंच्या कोचिंगला नाव घातलं.

आक्केबाई सव्वीस वर्षं कालव्यावरचा पूल उघडायच्या आणि मिटायच्या. बोटीने भोंगा वाजवला की पूल उचलायचा, आत्ताच्या आत्ता, नंतर बघू म्हणायची सोयच नाही. त्या नोकरीत त्यांच्या हातून एक चूक झाली नाही. मग पूल दूरवरच्या कुठल्याशा खोलीतून बटणावर चालायला लागला आणि भोंग्याशिवाय आक्केबाईंना सकाळचा चहासुद्धा उरकेना. एकोणसाठाव्या वर्षी त्यांनाही डॉक्टरांनी तेच नाव सांगितलं. असं डोकं कसं सांभाळायचं ते त्या रीतसर शिकल्या आणि पुलाशेजारच्या जुन्या केबिनमध्ये आपल्यासारख्याच डोक्याच्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या बायकांना घेऊन बसायला लागल्या. बसायला म्हणजे खरोखरच बसायला. दर मंगळवारी पाचजणी यायच्या. प्रत्येकीने आपण टाळत असलेलं एक काम पिशवीतून आणायचं, ते मोठ्याने सांगायचं, आणि मग सगळ्यांनी गप्प बसून आपापलं काम करायचं. शेजारी माणूस असला की हात चालतात, एकटं असलं की फक्त डोकं चालतं, एवढीच त्यांची विद्या.

पहिल्याच मंगळवारी त्या हिस्केला म्हणाल्या होत्या की तुला वेळ दिसत नाही, तर तो डोळ्यांना दिसेल असा कुठेतरी मांड.

हिस्केने मांडला. शेडची सगळ्यात मोठी भिंत तिने पांढरी केली आणि तिच्यावर सहा आठवडे उभे केले. कापायचे दिवस निळे, शिवायचे हिरवे, बकलांचे नारिंगी. मग दुकानात मिळणारे चौदा रंगही कमी पडले म्हणून तिने स्वतः रंग घोटले. साठ जोडांना साठ फिती, प्रत्येक फितीवर त्या पिशवीचं नाव आणि जन्मतारीख. भरती-ओहोटी खालच्या पट्टीत, वारा वरच्या पट्टीत. भिंत बघायला लोक यायला लागले. बंधारा सांभाळणारा इंजिनिअर आला आणि मोठ्या लाटांसाठी अशी एक करून द्याल का म्हणून विचारून गेला. पाद्रीबाबांनी पुढच्या दहा वर्षांचा ईस्टर तिच्यात बसवून घेतला. ऊन पडलं की ती भिंत अशी झळाळायची, की दिवसाउजेडी दीपस्तंभ पेटला कसा म्हणून दोन जहाजं बंदरात वळली आणि मग आलोच आहोत तर म्हणून मासळी विकून गेली.

डाउवेने भिंत बघितली आणि त्याचे डोळे भरून आले. एवढं निर्दोष वेळापत्रक त्याच्या हातून जन्मात झालं नव्हतं. त्या दिवशी त्याने हिस्केला साखरेचा पाव आणला आणि आता काळजी नाही असं स्वतःच्या आईला फोन करून सांगितलं. हिस्केला मात्र तो पाव अर्धाच गेला. कारण काहीतरी राहून जातंय हे तिला कळत होतं, फक्त काय ते बघायला मन तयार नव्हतं.

शुक्रवारला सहा दिवस उरले तेव्हा, शनिवारी सकाळी, आक्केबाई स्वतः शेडवर आल्या. दोन मंगळवार हिस्के केबिनवर आली नव्हती, भिंतीवर कामात होती. आक्केबाईंनी काठी टेकून भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली. ईस्टरही वाचला.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "आता पिशवी दाखव."

हिस्के रंगाने माखलेले हात पुसत राहिली. पिशव्या हिरव्या दिवसांपासून सुरू होणार होत्या, तिने सांगितलं, आणि हिरव्याची छटा परवापर्यंत जमत नव्हती.

"एकही नाही?"

"एकही नाही, आक्केबाई."

आता ओरडतील म्हणून हिस्केने मान आत घेतली. पण आक्केबाई एका खोक्यावर बसल्या आणि गुडघा चोळायला लागल्या. "चूक माझी आहे, पोरी. दारुड्याला मीच सांगितलं की जरा बाटली पुसून ठेव." मग त्यांनी सांगितलं की कोचिंग सुरू करण्याआधी एक अख्खा हिवाळा त्यांनी कोचिंग कसं सुरू करावं याचं पुस्तक लिहिण्यात घालवला होता. तीनशे पानं. पहिल्या प्रकरणाचं नाव 'सुरुवात', आणि ते शेवटपर्यंत संपलं नव्हतं.

हिस्केकडे उपाय तयारच होता. सहा दिवस झोपायचं नाही, घरी जायचं नाही, फोन बंद ठेवायचा. आणि नाहीच झालं, तर शुक्रवारी कुपिदोबाईंना सांगायचं की मशीन मोडलं.

"याआधी किती वेळा मोडलंय तुझं मशीन?"

साबणाच्या वेळी कढई फुटली होती, पत्रांच्या वेळी मनगट मुरगळलं होतं. खरं म्हणजे काहीच फुटलं नव्हतं आणि काहीच मुरगळलं नव्हतं.

"उशीर होण्याने तुझा एकही धंदा बुडालेला नाही," आक्केबाई म्हणाल्या. "उशीर होणार हे कळल्यावर तू लपून बसतेस, त्याने बुडालेत. चल, एक जोड शीव. मी इथे आहे."

त्यांनी पिशवीतून कागद आणि पेन काढलं. बहिणीला चार वर्षं न लिहिलेलं पत्र त्या लिहायला बसल्या. हिस्केने शीड पसरलं. पहिली कात्री चालवायला तिला इतका वेळ लागला की बाहेर ओहोटी लागली. मग कात्री चालली, मशीन चाललं, आणि मधे तिने तीन वेळा मान वर केली तेव्हा तीनही वेळा आक्केबाई तिथेच होत्या, ओठ चावत, "प्रिय" या शब्दाच्या पुढे अडकलेल्या. जोड तयार झाला तेव्हा घड्याळात दोन तास उलटले होते.

हिशेब सोपा होता. माणसासारखं जेवून-झोपून दिवसाला चार, फार तर. आजचा अर्धा दिवस गेलाच होता, म्हणजे शुक्रवारपर्यंत ताणून ताणून बावीस. साठ होणार नव्हते, आणि हे आजच कळलं होतं.

आक्केबाईंनी फोन तिच्यापुढे सरकवला आणि पुन्हा पत्रात डोकं घातलं.

एखाद्या थंड कालव्यात पाय घालावा तसा हिस्केने तो फोन कानाला लावला. कुपिदोबाईंचा आवाज वाऱ्यावर वाळवलेल्या माशासारखा कोरडा होता. हिस्केने सगळं सांगितलं, भिंतही सांगितली.

"म्हणजे महिनाभर तुम्ही भिंत रंगवलीत," कुपिदोबाई म्हणाल्या.

"हो."

"चांगली झालीय का?"

"फार."

"शुक्रवारी किती देता?"

हिस्केच्या जिभेवर चाळीस आलं होतं. समोर आक्केबाईंनी मान वर केली नाही, पण पेन थांबलं. "वीस," हिस्के म्हणाली.

कुपिदोबाईंनी सांगितलं की त्यांचा राग गेलेला नाही, आणि बाकीच्या चाळीसांचं वीस बघितल्याशिवाय त्या बोलणार नाहीत. वीसही आले नाहीत तर तोंड दाखवू नका. आले, तर ते घेऊन स्वतः या. सहा दिवस आधी फोन करून रडगाणं सांगणारी शिंपीण कशी दिसते ते मला बघायचंय.

त्या संध्याकाळी हिस्केने डाउवेलाही खरं सांगितलं. त्याने भिंतीकडे बघितलं, हिस्केकडे बघितलं, आणि विचारलं की स्वयंपाक कुणी करायचा आठवडाभर, की तेही भिंतीवर कुठेतरी आहे. मग कुलपाचं कुपिदोबाई शुक्रवारी काय म्हणतात ते ऐकून ठरवू म्हणाला, आणि बाह्या सारून बटाटे सोलायला बसला.

रविवारपासून केबिनमधल्या त्या मंगळवारच्या बायका पाळीपाळीने शेडवर येऊन बसल्या. शिवणात कुणी हात घातला नाही, तो नियमच होता. एकजण वर्षभर न उघडलेली पाकिटं उघडत बसायची. शेळीच्या दुधाचं आईस्क्रीम बनवणारी सीत्स्के, जी स्वतः तीन मिनिटं एका जागी टिकत नसे, ती आपल्या बरण्यांची लेबलं चिकटवत बसायची. मशीन अखंड चालत राहिलं, आणि लोक सांगतात की त्या तालावर बंदरातल्या रिकाम्या होड्यासुद्धा डोलत होत्या.

बुधवारी दुपारी मशीनचा आवाज थांबला. हिस्केला कल्पना सुचली होती. प्रत्येक पिशवीला दुर्बिणीचा एक खास कप्पा, आत मखमल. मखमल कुठे मिळेल हे तिच्या डोळ्यांपुढे आलंही होतं आणि ती अर्धी उठलीही होती.

"कुठे निघालीस गं?" सीत्स्केने लेबलावरून नजर न उचलता विचारलं.

"पाच मिनिटांत येते."

"मागच्या वेळी तू पाच मिनिटांत आलीस तेव्हा माझ्या थोरलीचं लग्न लागून गेलं होतं. बस खाली."

हिस्के बसली. दुर्बिणीचा कप्पा तिने एका चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी सीत्स्केने आपल्या खिशात घातली. गुरुवारी संध्याकाळी वीस जोड झाले. एकविसावा अर्धा होता. तो अर्धाच ठेवून आक्केबाईंनी तिला घरी पाठवलं. त्यांचं पत्र दुसऱ्या पानावर पोचलं होतं.

शुक्रवारी डाउवेने पिशव्या बोटीपर्यंत पोचवल्या आणि हिस्के त्यांच्या ढिगावर बसून बेटावर गेली.

कुपिदोबाई धक्क्यावरच उभ्या होत्या, बुटक्या, रुंद, डोक्याला रुमाल बांधलेल्या. नमस्कार-चमत्कार काही नाही. त्यांनी वीस मोजले, त्यातला मधलाच एक जोड उपसला, सायकलीला अडकवला, दोन्ही बाजूंना काठोकाठ दगड भरले आणि वाळूच्या टेकडीवर सायकल मारत दिसेनाशा झाल्या. हिस्के धक्क्यावर बसून राहिली. त्या वेळात डेअरीची ती खुर्ची तिला इतकी स्पष्ट दिसली की तिच्या गादीचा रंगही सांगता आला असता.

कुपिदोबाई परत आल्या तेव्हा घामाने निथळत होत्या. एका बाजूची पिशवी रिकामी करून, उलटी करून त्यांनी प्रत्येक टाका नखाने ओढून बघितला.

"दोन दगड जास्त झाले," त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्याला. पिशवीला काही झालं नाही. बाकीचे चाळीस कधी देता?"

हिस्केने तोंड उघडलं. पुढच्या आठवड्यात सगळे देते, आणि प्रत्येकावर तुमच्या बेटाचा दीपस्तंभ भरतकामात काढून देते, असं एक अख्खं वाक्य तिच्या ओठांवर येऊन उभं होतं. तिने ओठ मिटले. मनातल्या मनात बोटांवर शुक्रवार मोजले. कुपिदोबाई थांबल्या, त्यांना घाई नव्हती.

"दर शुक्रवारी आठ. पाच शुक्रवार."

"आठ म्हणजे आठ?"

"आठच. आणि एखाद्या शुक्रवारी सात होणार असतील, तर मंगळवारी फोन येईल."

कुपिदोबाईंनी रुमालाने कपाळ पुसलं, दुसऱ्या बाजूच्या पिशवीतले दगड एक एक करून खाली टाकले, आणि चला, आत कॉफी ठेवलीय म्हणाल्या.