रिकाम्या झोळीचे वजन

अंगणवाडीच्या इमारतीचे छत या पावसाळ्यात गळू लागले, तेव्हा माझी सून रंजीता हिने मुलांची वजने आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, घेण्याची परवानगी मागितली. मी ती दिली. ती त्या अंगणवाडीची सेविका आहे. सरकारी काम आहे. नकार देणे शोभले नसते. सपरीच्या तुळईला ताणकाटा टांगला गेला, तोही माझ्यासमोर.

कुरखेड्याच्या बाजूला तलावाकाठी वसलेल्या आमच्या या गावात माझा शब्द सहसा कोणी खाली पडू देत नाही. तालुक्याच्या शाळेत मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. रंजीता नववीत माझ्याच वर्गात होती आणि पुढे माझ्याच घरात आली. माझा मुलगा अश्वजित भद्रावतीला आयुध निर्माणीत असतो. महिन्यातून दोनदा येतो. उरलेले दिवस आम्ही दोघी एका छपराखाली असतो. आमच्यात भांडणे होत नाहीत. भांडायला एकमेकींशी बोलावे लागते.

त्या सकाळी अकरा मुले वजनाला आली होती. सगळी तलावाकाठच्या मासेमार ढिवरांची. तालुक्याहून पर्यवेक्षिका तपासणीला आल्या होत्या. मी माझ्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते.

अंगणवाडीची कापडी झोळी होती, पण ती घडी करून बाजूला पडलेली. कारण मी जाणून होते. चार वर्षांपूर्वी ढिवरांच्या कुंताचा पहिला मुलगा त्या झोळीत तोलला गेला आणि दोन दिवसांनी तापाने गेला. तेव्हापासून ढिवरांची एकही बाई आपले मूल त्या कापडात घालत नाही. त्यांची मुले जन्मापासून बापाच्या जुन्या जाळ्याच्या झोळीत निजतात. प्रत्येक आई तीच झोळी घेऊन येते. फेकजाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. त्यांनी झोळी स्थिर लोंबते, म्हणून त्या कोणी काढत नाही.

कुंता पुढे आली. तिच्या कडेवर पायल, चौदा महिन्यांची. मागे तिची सासू सीता. रंजीताने जाळे काट्याला अडकवले, आणि मूल आत जाण्यापूर्वीच काटा शून्य सोडून पुढे सरकलेला मी पाहिला. मग मूल आत गेले, पाय झाडू लागले, काटा आठापर्यंत उडाला, खाली आला, थरथरला. रंजीताने सात किलो शंभर असे वाचून पिवळ्या पट्टीत खूण केली. पिवळी पट्टी म्हणजे लक्ष ठेवा. लाल असती, तर दवाखान्यात चौदा दिवस भरती.

मी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि विचारले की जाळे रिकामे असताना काटा कुठे होता.

रंजीताने मान वर न करता पुढच्या मुलाचे नाव पुकारले. पर्यवेक्षिकांनी, माझ्याच कपातला चहा संपवत, या कोण म्हणून विचारले.

मी त्यांना कोण ते सांगितले. नंतर सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की ताणकाट्याला मूल ओळखता येत नाही. पृथ्वी खाली ओढते, ती ओढ तेवढी तो दाखवतो. मग त्या ओढीत मुलाचे हाडमांस किती आणि शिसे किती, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. मुलाने पाय झाडला तर तो धक्काही तो वजन म्हणून दाखवील. पायलच्या अंगात जे वस्तुमान नाही, ते बापाच्या जाळ्याने भरून काढले आहे. जाळे आधी टांगावे, काट्याखालचा स्क्रू फिरवून शून्य लावावे, मग मूल घालावे. हे नववीच्या मुलीलाही कळते.

“बाई, तुमच्या शाळेत पोट्टे टांगत होते का?” सीता म्हणाली. बायका हसल्या.

माझ्या सपरीत माझ्यावर हसण्याची प्रथा नाही. मी उठले आणि जाळ्याला हात घातला. सीताने दुसरा काठ घट्ट धरला. तिचे म्हणणे तिने पदर खोचून मांडले: तिच्या घरात तलावाची मासोळी रोज शिजते, तिच्या घरचे लेकरू लाल पट्टीत बसणार नाही, आणि मास्तरणीने दुसऱ्याच्या चुलीत पाहू नये. तिला हवा होता तोच आकडा रंजीतालाही हवा होता. गेल्या वर्षी तालुक्याच्या बैठकीत हिच्या नोंदवहीचे कौतुक झाले होते. आता बारा महिन्यांचे आकडे पर्यवेक्षिकांच्या देखत खोटे ठरत होते, आणि ठरवणारी होती सासू.

मी रंजीताला म्हटले, “नववीत तुला वस्तुमान आणि वजन यांतला फरक पाठ होता. आता काय झाले?”

तिने लेखणी खाली ठेवली. घरात ती मला आई म्हणते. त्या दिवशी म्हणाली नाही.

“पाठच होता, बाई. व्याख्या मी घडाघडा म्हटली अन् तुमी दहापैकी दहा दिले. ताणकाटा कपाटात होता, कपाटाले कुलूप होतं. पोरी स्प्रिंग खराब करतीन म्हणे. आमी त्याले काचेतून पाह्यला. हातात पह्यल्यांदा धरला तो ही नोकरी लागल्यावर. त्याले शून्य लावा लागते हे मले कोनं सांगितलं?”

पर्यवेक्षिका नोंदवही चाळू लागल्या. बायका हसायच्या थांबल्या.

तिचे म्हणणे खरे होते. त्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असे, आणि एकतीस वर्षांत ते काटे जसे आले तसेच कोरे राहिले, याचा मला अभिमानही होता. मी हे तिला सांगितले नाही. मी एवढेच म्हटले की व्याख्या आजही बरोबर आहे आणि पाहायला डोळे तुलाही आहेत. ती म्हणाली की डोळे मिटून पाठ करायला तुम्हीच शिकवले. यापुढे आमच्यात जे बोलणे झाले ते लिहिण्यासारखे नाही. अर्धे गाव कुंपणाशी येऊन ऐकत होते.

या सगळ्यात कुंताकडे कोणी पाहिले नव्हते. तिने पायलला जाळ्यातून उचलून कडेवर घेतले होते. आता ती सासूच्या हातातला काठ सोडवत पुढे आली आणि रिकामे जाळे सरळ लोंबू दिले. काटा सातशे ग्रॅमवर जाऊन थांबला. सगळ्यांनी पाहिला.

“बजारात मासोळी मोजतो तं टोपल्याचं वजन पह्यले कापतो आमी,” ती रंजीताला म्हणाली. “माही सासूबी कापते. इथी सरकारी काम, शिकलेल्या बाया. मले वाटलं, तुमी जाळं मनातच कापून लिहीत असान.”

  सात किलो शंभरातून सातशे ग्रॅम वजा करणे कुंताने आमच्यावर सोडले नाही. सहा किलो चारशे, असे तिने स्वतःच म्हटले आणि नोंदवहीतल्या लाल पट्टीवर बोट ठेवले.

सीताने तिला घरी चल म्हणून बजावले. चौदा दिवस दवाखान्यात राहिलीस तर गाव म्हणेल ढिवरांची सून लेकराला उपाशी ठेवते, आणि मग पुन्हा आपल्या घराची पायरी चढू नकोस. मी सीताला खडसावले की तुझ्या अब्रूचे वजन या पोरीच्या अंगावर टाकू नकोस. कुंता गर्रकन माझ्याकडे वळली. सासूवर नव्हता इतका राग तिच्या चेहऱ्यावर होता.

“तुमी नोका बोलू, बाई. तुमाले आज काटा दिसला. पोट्टी हलकी होऊन राह्यली हे मले कमरेवर समजत होतं. तीन मह्यने सांगून राह्यलो, ह्या रंजीताबाईले सांगितलं, घरी सांगितलं. तुमच्या दाराहून रोज जातो, तुमी कधी मान वर केली नाई. जो तो मले काटाच दाखवत होता.”

मी तिला म्हटले की मी तुझ्यासोबत दवाखान्यात येते, तिथल्या लोकांशी नीट बोलावे लागते. तिने नको म्हटले. विनंती नव्हती ती.

पर्यवेक्षिकांनी फोन करून गाडी मागवली. गाडी येईपर्यंत रंजीताने उरलेल्या दहा मुलांना रांगेत बसवले. प्रत्येकाचे जाळे आधी रिकामे टांगले, स्क्रू फिरवला, काटा शून्यावर आल्याचे आईला दाखवले, मग मूल घातले, आणि ते शांत होईपर्यंत आकडा वाचला नाही. पर्यवेक्षिकांनी हळूच सुचवले की बदल पुढच्या महिन्यापासून दाखवू. रंजीताने ऐकले नाही. जुन्या आकड्यांवर रेघ मारून तिने खाली सही केली. आणखी दोन मुले लाल पट्टीत निघाली. मी खुर्चीत होते. मला कोणी काही विचारले नाही.

गाडी आली. कुंता पायलला घेऊन मागे बसली; त्या दोन मुलांच्या आयाही चढल्या. दार लागणार इतक्यात सीता कपड्यांचे गाठोडे घेऊन आली, कोणाचा आधार न घेता वर चढली आणि सुनेच्या समोर, तोंड फिरवून बसली. कुंताने तिला जागा करून दिली नाही, पण उतरायलाही सांगितले नाही. पायलने आजीच्या गाठोड्याची गाठ ओढायला सुरुवात केली, आणि चालकाने दार लावून घेतले.