गंध कुणाच्या हातचं

मी एक सहाण आहे, मित्रांनो. चंदन उगाळायचा दगड. जुना, आणि सध्या रागावलेला. पाथरवटानं घडवलं तेव्हा माझं पोट सपाट होतं. आता खळगा आहे. तो देवानं नाही पाडला, माणसांनी पाडला.

निजामाच्या राजधानीतल्या नल्लकुंट्यातले हणमंतराव रोज माझ्यावर गंध उगाळायचे. असा दगड अख्ख्या शहरात नाही, म्हणायचे. त्यांचा देव देवघरातच राहायचा. थोरला मुलगा तापानं गेला आणि सून तारामतीला मला शिवायची बंदी झाली. विधवेच्या हातचं गंध देवाला चालत नाही म्हणे. देवाला कुणी विचारलं नव्हतं. बिचारीला हवं होतं एवढंच, की एकदा आपल्या हातचं गंध कुणाच्या तरी कपाळी लागावं.

म्हातारे गेले. धाकटे प्रतापराव आर्यसमाजी झाले. देव निराकार ठरला, मूर्ती पेटीत गेल्या आणि मी नहाणीच्या दाराला टेकू झाले. प्रतापराव सभेत विधवांच्या हक्कांवर बोलून टाळ्या घेत. घरी हवन असलं की म्हणत, "वहिनी, तुम्ही जरा आत बसा."

त्यांचा मधुकर तर देवच फिजूल म्हणायचा. निजामाविरुद्ध पत्रकं वाटून तुरुंगात गेला. पोलीस अ‍ॅक्शननंतर सुटून आला, तेव्हा दारात ही गर्दी! त्याची आई पद्मावती ताट घेऊन उभी, पण गंध विसरलेलं. तारामतीनं मला नहाणीतून उचललं, घासून धुतलं, चंदन उगाळलं. किती वर्षांनी अंगाला वास आला माझ्या! भरलं बोट घेऊन ती पुढे झाली.

मधुकर मागे सरला. "काकू, तुम्ही नक्को. शुभ दिवस आहे. आईला लावू द्या."

मला तडकावंसं वाटलं. आजोबांचा देव बापानं बदलला, बापाचा देव लेकानं काढून टाकला. सोवळं तेवढं तिघांनी जपलं.

तारामती शांतपणे म्हणाली, "देव नाही म्हणतोस ना, मधू? मग विटाळ कुणाला होतो रे?"

तिनं ते बोट स्वतःच्या कपाळाला लावलं आणि मला रिकाम्या देवघरात नेऊन ठेवलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, असं मी सांगावं अशी रीत आहे. मला धुवा, नका धुऊ. देव माना, नका मानू. पण घरात कुणाचा हात मागे सारला जातो, ते आधी पाहा. त्या हाताला जागा नसेल, तर मला खुशाल परत नहाणीच्या दाराला लावा. तिथं निदान सगळ्यांचे पाय सारखे लागत होते.