इंजिनात अडकलेला मुलगा

सकाळी आठ वाजता त्या बोळात मुंगीला शिरायला जागा नसायची. मधोमध जुनी मोटारसायकल, भोवती पन्नासेक माणसं, आणि सगळ्यांचे कान इंजिनाकडे. घरची सून किक मारायची. आतून आवाज यायचा, टक टक टक टक. कुणी बंद खोलीचं दार वाजवावं तसा.

"ऐकलंत?" मठातले बाबा डोळे मिटून म्हणायचे. "आईला हाक मारतोय."

सासू भिंतीला धरून खाली बसायची.

तिचा मुलगा जाऊन आठ महिने झाले होते. कामावर छातीत कळ आली आणि गेला. पुढे चार महिन्यांनी त्याच्या गाडीत ही टकटक सुरू झाली, आणि तिच्यामागोमाग बाबा उगवले. टाकीवर तळहात ठेवून मंत्र म्हणायचे. भाषा कुठली ते त्यांनाही ठाऊक नसावं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण पंधरा-वीस मिनिटांत टकटक खरोखर विरायची. लोक हात जोडायचे.

"आज निजला," बाबा जाहीर करायचे. "उद्या पुन्हा उठेल. गाडी मठात द्या, कायमचा सुटेल. आणि पाना लावू नका, त्याला लागेल."

झालं. सासूनं गाडीला कुणाला हात लावू दिला नाही. रविवारी गाडी मठात जायची ठरली. सून त्याच गाडीवरून कामाला जायची, तरी तिनं होकार दिला. आठ महिन्यांत तिला रडू आलं नव्हतं, राग आला नव्हता, भाजीत मीठ आहे की नाही तेही कळत नव्हतं. एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, की आत खरंच तो आहे का.

शुक्रवारी बाबांना उशीर झाला. तिनं सवयीनं गाडी सुरू करून ठेवली होती. गर्दी बाबांची वाट बघत रस्त्याकडे तोंड करून उभी, आणि ती गाडीपाशी. टकटक बारीक होत गेली आणि थांबली. टाकीवर कुणाचा हात नव्हता, मंत्र नव्हता. इंजिन तापलं होतं, बस.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याच्या हत्यारांचा डबा काढला. आत पातळ पट्ट्यांचं माप होतं आणि त्याची वही. दर तीन महिन्यांनी एक नोंद: टॅपेट. शेवटची नोंद दहा महिन्यांपूर्वीची. दर वेळी बॅटरी तीच धरायची, आणि तो म्हणायचा, "माप थंड इंजिनावरच. पट्टी सरकली पाहिजे, पण किंचित अडून."

रविवारी गर्दीसमोर ती डबा घेऊन खाली बसली.

"मुली, पाना ठेव. त्याला लागेल," बाबा म्हणाले.

"लागलं तर ओरडेल ना. ऐकू की."

सासू अडवायला उठली, पण सून थांबली नाही. इंजिनावरची झाकणं काढली, इंजिनातल्या चाकावरची खूण जुळवली, नट सैल करून स्क्रू फिरवला, पट्टी घालून पाहिली. पट्टी किंचित अडली. नट आवळला, झाकणं लावली, किक मारली. इंजिन थंडगार, आणि टकटक नाही.

बाबा सावरले. "पाहिलंत? माझ्या तपानं सुटला."

"मग परत बोलावते," ती म्हणाली. तिनं इंजिन बंद करून झाकण काढलं, स्क्रू सैल केला, किक मारली. टक टक टक टक. पुन्हा आवळला. शांत. "अजून एकदा बोलावू?"

हातच्या काकणाला आरसा कशाला?

"इथे, टॅपेटपाशी, केसाएवढी फट असते," तिनं सांगितलं. "वाढली की वाजते. इंजिन तापलं की आतला दांडा लांबतो, फट मिटते, आवाज जातो. बाबा तेवढा वेळ मंत्र म्हणतात. ही फट तो नीट करायचा. तो गेल्यावर कुणी केली नाही."

बाबांना अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं. गर्दीनं वाट दिली.

सासू गाडीपाशी आली. टाकीवर हात ठेवून बराच वेळ ऐकत राहिली.

"मग तो कुठाय गं?"

"तो नाही, आई. आठ महिने झाले."

हे वाक्य त्या घरात कुणी आजवर मोठ्यानं बोललं नव्हतं. सून तेलकट हातांनीच सासूशेजारी बसली आणि दोघी रडल्या.

लोकहो, बाबानं त्या माउलीची गाडी नेली असती ते वेगळंच. चार महिने तिला धड रडूही दिलं नव्हतं. आवाज आला तर आधी झाकण उघडून बघा. आत माणूस नसतो, फट असते.