उसनी ऊब

उशिरा येणाऱ्या माणसाला आपण उशिरा आला म्हणत नाही, कामाचा माणूस म्हणतो. सभेत त्याला पुढची खुर्ची मिळते आणि वेळेवर आलेला बिचारा मागे सरकतो. योगाच्या वर्गातही याहून वेगळं काही नव्हतं. वर्ग सुरू होऊन अंगं हलायला लागली की एकेक जण दार ढकलून आत शिरायचा, बूट कोपऱ्यात भिरकावायचा आणि जे चाललं असेल त्यात थेट उडी घ्यायचा.

हा वर्ग साधा नव्हता. भिंतींवर हीटर, खिडक्या बंद, आरशावर वाफ आणि नुसतं बसलं तरी घाम. त्या उकाड्यात एका आसनातून दुसऱ्यात न थांबता वाहत जायचं, म्हणून त्याला फ्लो म्हणायचे. शिकवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणत. मॅडम स्वतः शिकल्या तेव्हा त्यांना बजावून सांगितलं होतं की आधी मान, मग खांदे, मनगटं, कंबर, घोटे, सगळं सावकाश जागं करायचं आणि मगच अंगावर भार घ्यायचा. पण मालकांना ते पटेना. मालक स्वतः कधी चटईवर उतरले नव्हते, त्यामुळे त्यांची मतं ठाम होती. लोक इथं मान फिरवायला येत नाहीत, घाम गाळायला येतात, असं ते म्हणत. खोली एवढी तापवतो ती कशाला? अंग आपोआप तापतं!

मॅडम पहिल्यांदा हे ऐकून हसल्या होत्या. मग एक दिवस तेच वाक्य त्यांच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडलं. नोकरी मोठ्या मुश्किलीनं मिळालेली, आणि जागा रिकामी होण्याची वाट बघणारे बाहेर थोडे नव्हते. सुरुवात आखडत आखडत गेली. शेवटी उरलं ते दोनदा खांदे उडवणं, तेही पाहुण्याला पाणी विचारावं तसं, रीत म्हणून.

घरी सासूबाईंना हे पसंत नव्हतं. त्यांनी आयुष्यभर गाणं शिकवलं होतं आणि गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. भांडी पुसता पुसता त्या सुनेला म्हणाल्या, "अगं, मला त्या तुझ्या भट्टीत गायला बसवलंस तर घाम येईल, गळा नाही तापायचा. गळ्यासाठी खालच्या सुरात वेळ घालवावा लागतो. दुसरी वाट नाही."

"आई, लोकांना वेळ कुठे असतो?"

"मग अंथरुणात पडायला वेळ काढतील."

मॅडमनी ते हसण्यावारी नेलं. सासूबाई जुन्या वळणाच्या, असं त्यांना वाटलं.

आता वन्संबद्दल सांगायला हवं. मॅडमच्या नणंद, घरात सगळ्यांत बोलघेवड्या. कोपऱ्यावर त्यांचं केस कापायचं दुकान होतं. दिवसभर थंडगार एसीत उभं राहून उजवा हात वर धरायचा, कधी कात्री, कधी ड्रायर. पाठ आखडते म्हणून मॅडमनीच त्यांना वर्गात ओढलं होतं. शेवटचं गिऱ्हाईक उठलं की वन्सं धावत यायच्या, कॉलरला केसांच्या क्लिपा तशाच अडकवलेल्या. रोज उशीर, आणि रोज तोच विनोद की घरच्या माणसाला कसला आलाय दंड.

त्या दिवशी वर्ग एका हातावर अख्खं अंग तोलायला शिकत होता. वन्सं दार ढकलून आल्या. तळवे दुकानातल्या थंडीनं गार होते. त्यांना बाजूला बसवून आधी खांदा मोकळा करायला लावायचं, हे मॅडमना कळत होतं. पण दाराच्या काचेपलीकडे मालक उभे होते आणि चारचौघांत आपल्याच नणंदेला थांबवायचं जिवावर आलं. मॅडमनी पुढची मोकळी जागा दाखवली.

"या, खोली तापलेलीच आहे."

वन्संनी सगळा भार उजव्या हातावर टाकला. खांद्यात काहीतरी तुटलं. चेहरा वाकडा झाला, पण त्या उकाड्यात दुखणंसुद्धा नुसती कळ वाटली. हसून त्यांनी घाम पुसला आणि वर्ग शेवटपर्यंत केला. सकाळी हात उचलेना. फणी गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

स्नायू फाटला होता. आधीच झिजलेला, त्यात हा भार. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पण हात खांद्याच्या पातळीला येऊन अडला तो अडलाच. ज्या बाईचं पोट वर धरलेल्या हातावर, तिचा हात वर जाईना! गिऱ्हाइकांनी थोडे दिवस वाट पाहिली, मग पलीकडचं दुकान धरलं. खुर्च्या गेल्या. मोठा आरसा दोघांनी उचलून नेला, तेव्हा वन्सं डाव्या हातानं दार धरून उभ्या होत्या.

सासूबाईंनी सुनेला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच मॅडमना सोसवेना. त्यांच्यासमोर बसून त्या रडत म्हणाल्या, "आई, बोला ना काहीतरी."

"काय बोलू? दार तू उघडलंस, पण ढकलत सगळेच होते. माझी लेक रोज उशिरा पळतेय हे मला दिसत नव्हतं का? आपल्याला शेवट हवा असतो गं. सुरुवात कोणालाच नको असते."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्ग सुरू होताच दाराला कडी घातली. अंगं स्वतःच्या हालचालीनं तापेपर्यंत हीटर बंद ठेवले. काय घडलं ते वर्गाला सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, हळहळलेही. आणि मग हळूहळू चटया कमी झाल्या. बाहेर राहिलेले काच वाजवून घड्याळ दाखवत, जणू उशीर मॅडमनाच झाला होता. एक दिवस मालकांनी मॅडमना फार गोड शब्दांत विश्रांती घ्यायला सांगितलं. आता तिथं दुसरी मुलगी शिकवते. हीटर आधीपासून लावलेले असतात, कडी काढून टाकली आहे, आणि वर्ग भरभरून चालतो.

आता मॅडमचा वर्ग स्वयंपाकघराच्या भिंतीशी भरतो, एकाच विद्यार्थिनीचा. सकाळी त्या वन्संचा खांदा दोन्ही तळव्यांत धरतात, बारीक गोल फिरवतात, दमानं, कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही. मग वन्संची बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चढतात आणि रोजच्याच जागी थांबतात.

"वहिनी, किती वेळ नुसती सुरुवातच करतेस गं," वन्सं एकदा म्हणाल्या.

"आता कुठे पळायचंय आपल्याला, वन्सं?"

वाचकहो, खोली तापली म्हणजे माणूस तापत नाही. बाहेरची ऊब उसनी असते. दार उघडलं की ती निघून जाते आणि तिच्या भरवशावर उचललेला भार आपल्या हाडांवर राहतो. जे काम अंगावर घ्याल, त्याची सुरुवात चुकवू नका, आणि ती करायला लावणाऱ्यावर दात-ओठ खाऊ नका. मॅडमना हे कळलं. कळून हात मात्र परत आला नाही.

दिव्याचं बटण वन्संच्या बोटांपासून अजून वीतभर वर आहे. अंधारून आलं की सासूबाई उठतात आणि ते स्वतः दाबतात.