मागची काचेची खोली

…काचेच्या चौकटीतला हा एकच स्क्रू निराळा, जाड डोक्याचा, कुठल्यातरी मोडक्या खुर्चीचा काढून इथे पिळलेला — ही खोली मूळची नव्हे याचा पुरावाच. मापाची टेप हातात तशीच धरून ती थांबली. छातीशी बांधलेली मुलगी कुरकुरली, पुन्हा निजली. रात्रभर जागवलं आणि आता बघा, कशी शहाण्यासारखी…

जुनं थिएटर जपायचं ठरलं होतं, आणि नकाशा करायचं काम तिच्याकडे होतं. मूळचं ते काळ्या पेन्सिलीनं, नंतरची भर लाल. लाल ते पाडायचं. सगळंच जपत बसलो तर झालंच, असं ऑफिसातल्या मॅडम हसत म्हणाल्या होत्या, आणि वाद घालण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं.

पण ही खोली बाबांनी बांधलेली. प्रोजेक्टर चालवता चालवता, मालकाच्या मागे लागून, ती स्वतः जन्मली त्या वर्षी — तान्ही मुलं घेऊन येणाऱ्या बायकांना काचेआडून सिनेमा बघता यावा म्हणून. घरात हे इतक्यांदा सांगून झालं होतं की तिला ते आठवायचंसुद्धा. काचेवर हलणारा उजेड, आईचा टवटवीत चेहरा… सिनेमावेडी आई. आणि मी? मला दोन पानं वाचवत नाहीत, अक्षरं पोहायला लागतात, की लगेच आईचा तो चेहरा पुढे येऊन उभा राहतो. आई गेली, तो चेहरा काही जात नाही.

आज सकाळी चहा गाळताना तिनं सहज विचारलं होतं, आईला त्या काचेच्या खोलीतून बघितलेला कुठला सिनेमा आवडायचा.

"बघतेय कसली," बाबा म्हणाले. "दिवे मालवले की झोपायची. रीळ बदललं की मी डोकावून जायचो. ती नि मांडीवर तू, दोघी गाढ."

"उठवलं नाहीत?"

"एकदा उठवलं. असं बघितलंन माझ्याकडे… मग नाही कधी."

ती भिंतीकडेच्या बाकावर टेकली. बाक अरुंद, पण पाठ टेकता येत होती. मॅडमनी दारातून डोकावून विचारलं, "लाल ना गं ही?"

लालच. खोटं लिहिता येणार नव्हतं. पण इतके महिने स्वतःच्या दमण्याची जी लाज वाटत होती, ती आत्ता चाचपूनही हाताला लागेना. तिच्या जागी नुसतं दमणं होतं, जुनं, कुणाच्यातरी अंगावरचं ऊबदार पांघरूण मिळावं तसं…

"सांगते," ती म्हणाली. "जरा बसलेय."